वार सांगून जा

बुधवारी सकाळी दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे, डॉक्टर नलिनीचे, आमच्या नलूताईचे यजमान. जन्मभर बँकेत नोकरी केलेला हा माणूस फोनवरसुद्धा तार केल्यासारखा बोलतो. "अरू, नलू गेली," ते म्हणाले. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला… "तुझा वार उद्याचा होता ना? आज तर येच, पण उद्याचं चुकवू नकोस. तिनं सांगून ठेवलंय."

डोळ्यांत पाणी असताना हसू फुटतं ते असं. आपल्या माघारी कोणी कोणत्या वारी यायचं हे या बाईनं ठरवून ठेवलं होतं, आणि तिच्या या वारांवर वर्षानुवर्षं कुरकुर केलेला नवरा ते इमानेइतबारे मला कळवत होता. आता हे वारांचं प्रकरण काय, ते सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करायला हवी.

नलूताई भूलतज्ज्ञ होती. नाशकातल्या कितीतरी लोकांना तिनं झोपवलं आणि त्यातल्या कोणालाही ती आठवत नव्हती. हे तिचं कायमचं दुखणं. "ऑपरेशन करणाऱ्याला पेढे, आणि मला काय? शुद्धीवर आले की विचारतात, आपण कोण?" लग्नकार्यात कोणी ओळख करून द्यायला लागलं की ती समोरच्या गृहस्थाला खणखणीत आवाजात सांगायची, "आपण भेटलोय की! तुम्ही तेव्हा झोपला होतात." तो बिचारा आधी बायकोकडे बघायचा आणि मग जमिनीकडे. माझ्याहून ती वयानं मोठी, त्यामुळे मला अरू म्हणण्याचा, माझ्या घरी न सांगता येण्याचा आणि माझ्या पुढ्यातला चहा पिण्याचा हक्क तिला जन्मसिद्ध होता.

नव्वदच्या दशकात कधीतरी तिचं डोकं फिरलं. 'डोकं फिरलं' हे दाजींचे शब्द. त्या काळी कॅन्सर हाताबाहेर गेला की पेशंटच्या घरच्यांना एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळे, "आता घरी घेऊन जा, सेवा करा." नलूताईनं ते वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं. पण एकदा एका बाईनं तिलाच जिन्यात गाठलं आणि विचारलं, "डॉक्टर, सेवा करा म्हणजे काय करू हो? पाय चेपायला गेलं तर ओरडतात." संध्याकाळी नलूताई माझ्याकडे आली ती पेटलेलीच. "पोट फाडलं तरी मी माणसाला कळू देत नाही. तोच माणूस घरी जाऊन कण्हत पडला तर माझ्याकडे सांगायला काही नाही! मग मी शिकले काय, अरू?" आणि रागारागात तिनं माझा चहा संपवला.

मग ती दक्षिणेत जाऊन काही आठवडे शिकून आली. कशावर शिकून आली, हे मात्र कोणाला उच्चारता येईना. पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजार बरा होण्यातला नसला तरी दुखणं, धाप, मळमळ, भीती यांचा बंदोबस्त करायचा, आणि घरच्यांनाही तो करायला शिकवायचं. मी कॉलेजात मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे प्रतिशब्दाची कामगिरी माझ्यावर आली. मी दोन दिवस कोश चाळून 'उपशामक परिचर्या' असा शब्द मोठ्या अभिमानानं तिच्यापुढे ठेवला. तिनं तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, "अरू, हे ऐकून पेशंटला वाटेल आपल्यावर खटला भरलाय." त्यानंतर तिनं मला शब्द मागितला नाही.

पहिली सभा घोटीला ठेवायचं ठरलं. नाशकात डॉक्टर गल्लोगल्ली होते. घोटीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर 'सेवा करा' हे वाक्य तेवढं पोचलं होतं. बाजाराचा दिवस, शाळेचं मैदान, आणि आदल्या दिवसापासून रिक्षातून पुकारा. मी, दाजी आणि नलूताई गाडीतून घोटीत शिरलो तेव्हा कर्णा कानावर आला, "समद्या लोकांला कळवन्यात येतं… आज शाळेत पोलिओटी केर! पोलिओटी केर! नाशिकच्या मोठ्या डाक्टरीनबाई सोता येनार!" नलूताई खूश झाली. "बघ, तुझ्या परिचर्येपेक्षा बरं म्हणतोय."

मैदानावर पोचलो तर तुडुंब गर्दी, आणि झाडून सगळ्या बायकांच्या कडेवर पोरं. काही पोरं तर रडण्याची आगाऊ तयारी करून आली होती. त्या वर्षांत पोलिओच्या डोसाचा देशभर डंका वाजत होता, रिक्षावाल्याच्या तोंडात तोच शब्द बसलेला, आणि घोटी परिसरातल्या आया पोरांना न्हाऊमाखू घालून, तीट लावून डोस पाजायला घेऊन आल्या होत्या. दाजी म्हणाले, "नलू, गाडी चालूच ठेवतो."

नलूताईनं माइक घेतला आणि आजारपणातल्या वेदनेबद्दल बोलायला लागली. जरा वेळ सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग पुढे बसलेली एक तरतरीत बाई उठली. तिचं नाव हौसा, हे नंतर कळलं. "बाई, ते समदं खरं, पन डोस कव्हा देनार? पोरगं लय किरकिर करतंय." नलूताईनं माइक खाली ठेवला आणि सरळ सांगून टाकलं की डोस लहान मुलांसाठी नाही, हा मोठ्या माणसांसाठी आहे, जी बरी व्हायची नाहीत आणि ज्यांचं लय दुखतंय अशांसाठी. मग हौसाबाई कडेवरचं पोरगं दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "मंग आमच्या सासऱ्याला द्या की. ते तर पोरापरीस किरकिर करतात." लोक हसले. हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला, आणि मागून आणखी एक हात वर झाला… "माझ्या आईला बी." मग तिसरा. आमची सभा त्या दिवशी भाषणावाचून पार पडली. पुढं कितीतरी वर्षं त्या भागात नलूताईच्या कामाला एकच नाव होतं, म्हाताऱ्यांचा पोलिओ. माझा प्रतिशब्द वह्यांतच राहिला.

हौसाबाईचे सासरे, तात्या, इगतपुरीला रेल्वेत सांधे बदलणारे पॉइंटमन होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते पडवीत खाटेवर पडलेले, हाडांत गेलेल्या कॅन्सरनं पार कळाहीन झालेले, आणि भोवती भेटायला आलेली मंडळी. आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे त्याला झोपू द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. एक पाहुणे सांगत होते, "आमच्या साडूला बी हेच झालं व्हतं. लय हाल झाले गड्याचे." तात्या डोळे मिटून ते ऐकत होते. पाहुणे उठले. आजारी माणसाच्या घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, म्हणून म्हणाले, "बरं तात्या, येतो."

तात्यांनी डोळे उघडले. "कव्हा?"

"आं?"

"येतो म्हनला ना? कव्हा येतो? गाडीला बी टाइम आसतो. समदे येतो म्हन्तात, आन मी हितं पडल्या पडल्या दाराकडं बघत ऱ्हातो."

पाहुण्यांनी चपला शोधण्याचं निमित्त केलं. नलूताईनं तात्यांना तपासलं, हौसाबाईला कूस बदलायची कशी, उशी कुठे द्यायची, तोंड ओलं कसं ठेवायचं ते दाखवलं आणि निघताना म्हणाली, "मी मंगळवारी येते." तात्यांनी मान हलवली आणि दारात किल्ली फिरवत उभ्या असलेल्या दाजींकडे नजर वळवली. दाजींनी केवळ सभ्यपणा म्हणून 'येतो हं' म्हटलं होतं.

"तुमी कव्हा?"

"मी? मी नुसता गाडी चालवतो…"

"कव्हा?"

"श… शनिवारी," दाजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर नाशकाजवळ विल्होळीला दाजींनी गाडीचा वेग कमी केला. मग हळूच विचारलं, "नलू, शनिवार त्यानं सांगितला की मीच म्हणालो?"

तात्यांचं दुखणं साध्या गोळ्यांना दाद देणारं नव्हतं. त्यांना मॉर्फिन लागणार होतं, आणि मॉर्फिन घरी द्यायचं तर इतक्या परवानग्या की त्यापेक्षा बंदूक मिळवणं सोपं. एका कचेरीत साक्षीदार म्हणून मीही तिच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मॉर्फिन म्हणजे गर्दच ना, बाई?" नलूताई म्हणाली, "साहेब, माझ्याकडे नीट बघा. गर्द विकणारी बाई कचेरीच्या बाकावर इतके दिवस बसेल का?" साहेब वरमले, पण सही काही केली नाही. पुन्हा गेलो, परत पुन्हा गेलो. दाजी घरी बजावत होते, "पकडली गेलीस तर जामिनाला मी येणार नाही. शनिवारी तर मुळीच नाही, मला घोटीला जायचं असतं." कारण दाजी शनिवारी खरंच गेले होते, आणि मग दर शनिवारी जाऊ लागले. तिथे जाऊन करायचे काय, तर भांडायचे. पूर्वी गाड्या वेळेवर धावायच्या की नाही यावर एक निवृत्त बँकवाला आणि एक निवृत्त रेल्वेवाला तावातावानं वाद घालत. घरी येऊन दाजी म्हणत, "त्या माणसाला काही समजत नाही. पुढच्या शनिवारी सांगतो त्याला."

शेवटी परवानगी मिळाली. एका सोमवारी नलूताईनं जाऊन तात्यांना मॉर्फिन सुरू केलं, हौसाबाईला सगळं समजावलं, "उद्या माझा वार आहेच, येते," म्हणाली आणि परतली. मंगळवारी मीही बरोबर होतो. वळणावरूनच दिसलं की दारात माणसं जमलीत, टोप्या घातलेली, खाली बसलेली, आणि आतून बायकांच्या रडण्याचा आवाज. नलूताईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेली पहिल्यांदा पाहिली. ती धावतच पडवीत शिरली, तात्यांच्या मनगटाला हात लावला, छातीला कान लावला, आणि मग खाटेच्या कडेवर मटकन बसली. "अगं बायांनो," ती म्हणाली, "झोपलेत ते!"

दुखणं थांबल्यावर कित्येक महिन्यांची साठलेली झोप तात्या एकदम वसूल करत होते. हाक मारली तर उत्तर नाही, कण्हणं नाही, म्हटल्यावर घरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं. त्या गलक्यानं तात्यांना जाग आली. त्यांनी दारातल्या गर्दीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कोन गेलं?"

हौसाबाई रडत होती आणि हसत होती. तात्यांनी नलूताईला पाहिलं, वार आठवला आणि समाधानानं म्हणाले, "मंगळवार हाय व्हय." आणि पुन्हा झोपले.

नलूताईनं तात्यांचा तो 'कव्हा' उचलला तो कायमचा. पुढे तिच्याबरोबर काम करायला बायामाणसं येऊ लागली, तेव्हा तिनं कॉलनीच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी एक वर्ग सुरू केला. सुया-गोळ्यांचं नंतर, आधी आजाऱ्याला भेटायला कसं जायचं ते. शहाळं नेऊ नका, त्याच्या घरी आधीच शहाळ्यांचा ढीग लागलेला असतो. तुमच्या साडूची गोष्ट सांगू नका. 'बारीक झालात' म्हणू नका, त्याच्याकडे आरसा आहे. आणि शेवटी खडू आपटून, "येतो म्हणालात तर वार सांगून निघा. आणि वार सांगितला तर या!" एकानं भीतभीत विचारलं, "आणि त्या दिवशी घरी काही कार्य निघालं तर?" ती म्हणाली, "तर फेटा बांधून या. पेशंटला तेवढीच करमणूक."

तात्या दिवाळीच्या तोंडावर गेले. रविवारी. मंगळवारी नलूताई घोटीला निघाली तेव्हा दाजी म्हणाले, "अगं, आता तिथं कोण आहे?" ती पायात चप्पल सरकवत म्हणाली, "वार दिलाय." मी बरोबर होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, हौसाबाई चुलीपाशी, सकाळपासून सगळ्यांच्या जेवणाचं बघत होती. नलूताईला बघून तिनं हातातलं उलथणं खाली ठेवलं. "बाई, तुमी आल्या का? मंग मी आता रडते," ती म्हणाली, आणि रडली. त्या आठवड्यात शनिवारी दाजीही कोणी न सांगता घोटीला जाऊन आले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "पडवीतली खाट काढलीय त्यांनी," आणि जेवले नाहीत.

अशी वर्षं गेली. मग गेल्या वर्षी नलूताईचंच पोट दुखायला लागलं. रिपोर्ट आले तेव्हा घरातल्या शहाण्या माणसांनी जे केलं ते ऐकून तिच्या वर्गातली सगळी मंडळी चाट पडली. मुलगा बंगळुरूहून आला, दाजींना कोपऱ्यात घेऊन कुजबुजला, आणि दोघांनी मिळून तिला सांगितलं की अल्सर आहे. भूलतज्ज्ञ बाईला! ती शांतपणे म्हणाली, "अल्सर असता तर तू विमानानं आला नसतास, आणि हे माझ्याशी इतकं गोड बोलले नसते. अहो, आणा तो रिपोर्ट इकडे." दाजींनी मुकाट्यानं आणून दिला. ती वाचत असताना हा माणूस लहान मुलासारखा रडला, आणि तिनं त्याला उशी कुठे द्यायची, कूस कशी बदलायची ते शिकवायला त्याच दिवशी सुरुवात केली. एक गोष्ट तिनं स्पष्ट सांगितली. हॉस्पिटलात नळ्या लावून घ्यायच्या नाहीत. दुखणार नाही एवढं बघा, आणि घरी ठेवा. तिच्याच हाताखाली तयार झालेली पोरं-पोरी पाळीपाळीनं येत आणि तिचं ते मागणं पूर्ण करत होती.

भेटायला येणाऱ्यांची तर परीक्षाच असायची. तिच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या एक बाई शहाळं घेऊन आल्या. नलूताई म्हणाली, "नापास." माझा वार गुरुवार ठरला. गुरुवारी माझा उपास, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी माझ्यासाठी व्हायची आणि तिला काही जात नसलं तरी ती वास घ्यायची. "शेंगदाणे कमी पडलेत," वासावरून सांगायची. दाजी शेवटपर्यंत तिच्या देखरेखीखाली खिचडी करत होते, आणि तिच्या देखरेखीखालीसुद्धा खिचडीचा गोळाच होत होता.

शेवटच्या गुरुवारी ती फार थकली होती. दुखत नव्हतं, हे तिनंच सांगितलं. खिडकीशी पलंग, शेजारी तिची ती निळी प्लास्टिकची खुर्ची, पेशंटच्या घरी बसायला जागा नसते म्हणून गाडीत टाकून न्यायची ती. मी त्या खुर्चीवर बसलो होतो. वेळ झाली तसा उठलो. डोकं चालत नव्हतं, आणि साठी उलटलेला, मराठी शिकवण्यात जन्म गेलेला मी म्हणालो, "ताई, जातो."

आजाऱ्याच्या उशाशी जो शब्द लहान पोरंसुद्धा काढत नाहीत तो मी काढला होता. दाजींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. नलूताईनं मात्र डोळे उघडले आणि हसली, पार पूर्वीसारखी. "जाणारी मी. तू कुठं निघालास?" धाप लागली म्हणून थांबली. "येतो म्हण. आणि वार सांग."

"गुरुवारी येतो," मी म्हणालो.

"मी असेन, नसेन. तू ये." मग दाजींकडे बोट करून म्हणाली, "हे दाराकडं बघत बसतील."

बुधवारी ती गेली. घरी, झोपेत, ठरवल्याप्रमाणे. बुधवारी तर गेलोच, पण सांगितल्याप्रमाणे गुरुवारीही गेलो. मुलगा आणि नातेवाईक अस्थींसाठी गोदाघाटावर गेले होते, आणि मागे राहिलेले दाजी निळी खुर्ची दारात टाकून बसले होते. मला बघून घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आलास." मग आम्ही दोघंही रडलो, आणि ते मला वाटतं आधी ठरलेलंच होतं.

याला आता काही आठवडे झाले. मी दर गुरुवारी जातो. दाजी खिचडी करतात, तिचा गोळा होतो, शेंगदाणे कमी पडतात, आणि मी ती संपवतो, कारण वासावरून सांगणारं आता कोणी नाही. मागच्या खेपेला म्हटलं, "दाजी, एखादा शनिवारही येऊ का?" तर म्हणाले, "शनिवारी मी नसतो. साकूरफाट्याकडे एक म्हातारबा आहेत, मागे त्यांना 'येतो' म्हणून बसलोय." निळी खुर्ची गाडीच्या डिकीत टाकायला मला मदत करायला लावली.

निघताना मी चपला घातल्या आणि सवयीनं म्हटलं, "येतो." आत जाता जाता ते थांबले, आणि नलूताईच्या ज्या सवयीची आयुष्यभर टर उडवली, तीच उचलून विचारलं, "कधी?"

"गुरुवारी," मी म्हणालो.